घासलेली शेवंती : एका जपानी रायफलीचं प्रकरण

ऑरेगनमधल्या आमच्या भागातलं एक जुनं घर विकायला निघालं, आणि दिवाणखान्याच्या भिंतीवर सत्तर वर्षं टांगलेल्या जपानी रायफलीचं काय करायचं हा प्रश्न घरच्यांपुढे आला. रायफल आणणारे वडील दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन पायदळात होते, ते आता हयात नाहीत. मागे सत्तरी ओलांडलेली मुलगी आणि तिचा थोरला भाऊ. मी जपानी लष्करी वस्तू गोळा करतो आणि अभ्यासतो हे या बाईंना ठाऊक होतं. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या. हिची किंमत काय? वरचं घासलेलं फूल पुन्हा कोरून घेता येईल का? आणि वडिलांनी ही बंदूक फिलिपाइन्सच्या जंगलात एका जपानी सैनिकाशी समोरासमोर झुंजून मिळवली, ही हकीकत नातवंडांसाठी लिहून ठेवायची आहे, ती कशी लिहावी?

रायफलीसोबत एक पत्र्याचा डबा आला. त्यात सैन्यातून मुक्त झाल्याचा दाखला, घरी पाठवलेली पत्रं, आणि तळाशी खाकी कागदात गुंडाळलेला, सह्यांनी भरलेला रेशमी जपानी ध्वज. ध्वजाबद्दल बाईंनी काहीच विचारलं नाही. या प्रकरणाचा खरा गाभा तिथे होता, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

किमतीच्या आणि इतिहासाच्या आधी एक गोष्ट करायची असते. नळीत काडतूस नाही ना, हे पाहायचं. सत्तर वर्षं भिंतीवर असलेली बंदूक रिकामीच असणार, असं कुणी धरून चालू नये. या रायफलीचा सेफ्टी, म्हणजे चाप अडवणारा खटका, बोल्टच्या (काडतूस नळीत ढकलणाऱ्या सरकत्या दांड्याच्या) मागच्या टोकाला, खरखरीत गोल टोपीसारखा असतो. तो तळहाताने आत दाबून फिरवावा लागतो. तो सोडवला, बोल्ट मागे घेतला, नळी आणि खालचं पाच काडतुसांचं मॅगझिन डोळ्यांनी आणि बोटाने तपासलं. रिकामं होतं.

बंदूक काय सांगते

जपानी रायफल वाचायची तर वरून सुरुवात करावी. नळी जिथे रिसीव्हरमध्ये, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादी भागात, शिरते तिथे सोळा पाकळ्यांची शेवंती कोरलेली असते. ते सम्राटाच्या घराण्याचं चिन्ह. त्याखाली उभ्या ओळीत तीन अक्षरं. ती इथे ‘टाइप ९९’ अशी होती. हे ९९ जपानी शाही कालगणनेतून आलं आहे : १९३९ साल म्हणजे त्यांचं २५९९. तिच्या आधीची टाइप ३८ मेइजी राजवटीच्या ३८ व्या वर्षावरून, म्हणजे १९०५ वरून, ओळखली जाते. त्या जुन्या रायफलीचं काडतूस ६.५ मिलिमीटरचं होतं. चीनच्या युद्धात ते अपुरं वाटू लागलं म्हणून टाइप ९९ ला ७.७ मिलिमीटरचं दिलं. संग्राहक दोन्हींना ‘अरिसाका’ म्हणतात. या घराण्यातल्या पहिल्या रायफलीचा, टाइप ३० चा, आराखडा अरिसाका नारिआकिरा यांनी केला होता.

टाइप ९९ वर तयार झाल्याचं वर्ष नसतं. म्हणून डाव्या अंगाकडे वळायचं. तिथे आधी गोलातलं एक जपानी अक्षर, मग क्रमांक, मग कारखान्याची खूण. क्रमांक ९९,९९९ पर्यंत गेला की नवी मालिका सुरू होई, आणि मालिकेचा आकडा ‘इरोहा’ या जुन्या वर्णक्रमातल्या अक्षराने दाखवला जाई. या बंदुकीवर ‘के’ होतं. इरोहात ते एकतिसावं. क्रमांकाच्या शेवटी रचलेल्या तोफगोळ्यांची, कोकुरा शस्त्रागाराची खूण, आणि तिच्यालगत तोयो कोग्योची. तीस ते पस्तीस या मालिका तोयो कोग्योने कोकुराच्या देखरेखीखाली बनवल्या.

इथे मी थोडा रेंगाळतो, कारण या दोन खुणांमध्ये १९४५ चा ऑगस्ट आहे. तोयो कोग्यो म्हणजे आजची माझदा कंपनी. तिचा कारखाना हिरोशिमाला लागून असलेल्या फुचूमध्ये. ६ ऑगस्टला शहर जळालं, पण मध्ये हिजियामा टेकडी आल्याने कारखाना बराचसा वाचला, आणि नंतर काही महिने हिरोशिमा प्रांताचं सरकारी कामकाज त्याच आवारातून चाललं. कोकुराचं शस्त्रागार तर ९ ऑगस्टच्या दुसऱ्या बॉम्बचं मूळ लक्ष्य होतं. ढग आणि धुरामुळे वैमानिकाला ते दिसलं नाही, आणि विमान नागासाकीकडे वळलं. एवढं सगळं त्या पोलादावर बोटभर जागेत ठोकलेलं आहे.

बाकीची तपासणी भराभर झाली. विमानावर नेम धरण्यासाठी मागच्या साइटला असलेले दुमडते पंख जागच्या जागी. नळी आतून क्रोमची, चांगली चकचकीत. पुढचा तारेचा टेकू नव्हता. बोल्टवरचं सरकतं पत्र्याचं झाकणही नव्हतं. ते चालताना खडखडतं, म्हणून सैनिक ते काढून टाकत असं सांगतात. युद्ध हातातून जायला लागलं तशी जपानने एकेक गोष्ट गाळली : आधी टेकू, पंख, झाकण, मग क्रोम, आणि अखेरच्या काळात मागची हलती साइटसुद्धा. ही बंदूक त्या अखेरच्या ओबडधोबड मालातली नव्हती.

दस्त्याला, म्हणजे बंदुकीच्या लाकडी अंगाला, मागे एक आडवी सांध दिसते, ती पाहून बाईंना वाटलं की तो मोडून जोडला आहे. तसं नाही. दस्ता दोन तुकड्यांत करून सांधायची जपानी कारखान्यांची पद्धतच होती. त्यात लाकूड वाचतं आणि सांधा मजबूतही राहतो. पुढच्या भागात मात्र खरोखरच करवत चालली होती. नळीभोवतीची लोखंडी कडी सरकवल्यावर तिच्याखाली लाकूड सरळ कापलेलं निघालं. एकशे बारा सेंटिमीटरची रायफल सैनिकी डफल बॅगेत मावत नाही. घरी परतणारे शिपाई कडीखाली दस्ता कापत, नळीचा भाग वेगळा भरत आणि घरी पोचल्यावर पुन्हा बसवत. कडीमुळे काप झाकला जाई. म्हणजे ही बंदूक कुणीतरी स्वतःच्या सामानातून आणली होती, पुढे कधी दुकानातून विकत घेतलेली नव्हती. हकीकतीचा एवढा भाग पोलादाने आणि लाकडाने खरा ठरवला.

पुढच्या दोन खुणा मात्र हकीकतीशी जुळत नव्हत्या.

पहिली, शेवंती. ती पूर्ण घासून काढलेली होती, तीन अक्षरं तशीच ठेवून. जपानी सैन्यातली रायफल ही सम्राटाची मालमत्ता मानली जाई. शरणागतीनंतर शस्त्रं विजेत्यांच्या हवाली करण्याआधी हे चिन्ह छिन्नीने, कानशीने किंवा ग्राइंडरवर घासून टाकलं गेलं, म्हणजे सम्राटाचं नाव असलेलं शस्त्र परक्याच्या हाती जाणार नाही. तसा लेखी आदेश अजून कुठल्याही दप्तरात सापडलेला नाही, पण जपानच्या मुख्य भूमीवर जमा झालेल्या बंदुकांवर ही खूण इतक्या सर्रास दिसते की ते काम शिस्तीत झालं यात मला शंका वाटत नाही. सैन्यातून बाद करून शाळांच्या कवायतीला दिलेल्या बंदुकांवरही शेवंती रद्द केलेली आढळते, पण तिथे बहुधा चिन्हावर गोल शिक्के मारलेले असतात. उलट, लढाई चालू असताना रणांगणावर उचललेल्या बंदुकीवर फूल शाबूत असतं. घासायला तिथे कुणाला सवड नव्हती आणि कारणही नव्हतं. (याचं उलट मात्र धरून चालू नये. जपानबाहेर शरण गेलेल्या तुकड्यांच्या कितीतरी बंदुकांवर फूल तसंच राहिलं, तेव्हा शाबूत फूल म्हणजे लढाईत मिळालेली बंदूक, हे विक्रेत्यांचं गणित कच्चं आहे.)

दुसरी खूण बोल्टची. पुष्कळ टाइप ९९ रायफलींच्या बोल्टवर मूळ क्रमांकाचे शेवटचे तीन अंक असतात. इथे ते जुळत नव्हते. शस्त्रं जमा करताना बोल्ट काढून वेगळे ढीग करायची पद्धत होती, म्हणजे कुणी बंदूक उचलली तरी ती लगेच चालू नये. नंतर आठवण म्हणून रायफल निवडणाऱ्या शिपायाने एका ढिगातून बंदूक आणि दुसऱ्यातून बोल्ट उचलला. असे न जुळणारे बोल्ट म्हणूनच जागोजाग भेटतात.

दोन्ही खुणा एकत्र धरल्या तर ही बंदूक फिलिपाइन्सच्या जंगलातली वाटत नाही. ती जपानच्या एखाद्या कोठारातून, शरणागतीनंतर आलेली वाटते.

कागद काय सांगतात

सैन्यातली पूर्ण फाइल मिळाली नाही. १२ जुलै १९७३ ला सेंट लुईसच्या नोंद केंद्राला लागलेल्या आगीत पायदळाच्या लाखो सैनिकांच्या फाइली जळाल्या, त्यात हीसुद्धा गेली. म्हणून घरातले कागदच आधार.

मुक्तीच्या दाखल्यावर ४१ वी डिव्हिजन. ऑरेगन, वॉशिंग्टन, आयडाहो, मोंटाना या वायव्येकडच्या राज्यांची ही नॅशनल गार्डची, म्हणजे राज्यांच्या राखीव सैन्याची, डिव्हिजन. न्यू गिनी, बियाक बेट, मग १० मार्च १९४५ ला फिलिपाइन्समधल्या मिंडानाओ बेटाच्या पश्चिम टोकाला झांबोआंगावर उतरली. म्हणजे वडील फिलिपाइन्समध्ये लढले हे पक्कं. पण हीच डिव्हिजन ऑक्टोबर १९४५ मध्ये कुरे-हिरोच्या किनाऱ्यावर, हिरोशिमापासून थोड्याच अंतरावर, ताबा घ्यायला उतरली, आणि डिसेंबरअखेर तिथेच विसर्जित झाली. डब्यात एक टंकलिखित चिठ्ठीही निघाली. वरिष्ठ अधिकाऱ्याच्या सहीने, नोव्हेंबर १९४५ ची : या शिपायाला एक जपानी रायफल घरी नेण्यास परवानगी आहे. चिठ्ठीवर बंदुकीचा क्रमांक नाही, म्हणून एकटी असती तर तिच्यावर मी विसंबलो नसतो. घासलेल्या शेवंतीसोबत मात्र ती पुरेशी बोलकी आहे.

आता ती समोरासमोरच्या झुंजीची गोष्ट. ती वडिलांनी रचली होती का? बाईंना हा प्रश्न विचारताना जड गेलं, आणि ऐकताना मलाही. उत्तर जून १९४५ च्या एका पत्रात होतं. त्यात वडिलांनी स्वतःच्या आईला लिहिलं होतं की डोंगरातल्या वाटेवर एक जपानी शिपाई अचानक समोर आला, त्याबद्दल अधिक लिहवत नाही, आणि त्याच्या अंगावरचा झेंडा मी जपून ठेवला आहे. पत्रात बंदुकीचा उल्लेख कुठेही नाही.

गोष्ट खरीच होती. पण ती ध्वजाची होती.

बाईंनी मग आठवून सांगितलं की ध्वजावर डाग होता, तो घरात दिसलेला बाईंच्या आईला सहन होत नसे, म्हणून ध्वज लग्नानंतर लगेच डब्यात गेला. रायफल भिंतीवर राहिली. येणारा-जाणारा तिच्याबद्दल विचारे, वडील फारसं बोलत नसत, आणि मुलांनी अर्धवट ऐकलेली एकच गोष्ट समोर दिसणाऱ्या वस्तूला चिकटली. कुणी कुणाला फसवलं नव्हतं. अशा संग्रहांत मी हे पुन्हा पुन्हा पाहतो : एका पेटीतल्या वस्तूंच्या हकीकती एकमेकींत मिसळतात, आणि जी वस्तू नजरेसमोर असते ती सगळ्या आपल्याकडे ओढते. म्हणून प्रत्येक वस्तूची नोंद वेगळी करावी, आणि तिच्यात वस्तूवर काय दिसतं, कागदात काय आहे, घरचे काय सांगतात, हे तीन रकाने कधीही एक करू नयेत.

थोरल्या भावाला हे पटलं नाही. लहानपणापासून ऐकलेलं सोडायला तो तयार नव्हता, आणि मी आग्रह धरला नाही. त्याचं म्हणणं त्याच्या शब्दांत तिसऱ्या रकान्यात आहे.

मी काय सुचवलं

फूल पुन्हा कोरू नका, हे सर्वांत आधी. शाबूत शेवंतीच्या बंदुकीला बाजारात जास्त भाव मिळतो, म्हणून ती कोरून देणारे कारागीर आहेत. घासल्याने रिसीव्हरच्या गोलाईला आलेला सपाटपणा आणि नव्या कोरीव कामाची धारदार कड जाणकाराच्या लगेच लक्षात येते. पण मी नको म्हणतो ते पकडलं जाण्याच्या भीतीने नाही. ती घासलेली जागाच या बंदुकीचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. १९४५ च्या शरद ऋतूत कुणा जपानी माणसाने आपल्या सम्राटाचं चिन्ह स्वतःच्या हाताने पुसलं, त्या कृतीची ती एकमेव उरलेली नोंद. ती बुजवायचा हक्क आपल्याला नाही असं मी मानतो.

तसंच लाकडाला पॉलिश नको. मूळ लेप ‘उरुशी’चा, म्हणजे जपानी झाडाच्या चिकापासून केलेल्या लाखेचा आहे. एकदा खरवडला की गेला. लोखंडावर पातळ तेलाचा हात, मऊ फडकं, एवढंच. कापलेला दस्ता जोडूनही घेऊ नका, तो काप त्या प्रवासाचा साक्षीदार आहे. आणि ही बंदूक चालवू नका. अरिसाका फुटतात ही समजूत बरीचशी कवायतीसाठी ओतीव लोखंडात बनवलेल्या नकली रायफलींमुळे पसरली. खऱ्या टाइप ९९ ची यंत्रणा फार भक्कम असते. तरी न जुळणारा बोल्ट लावलेली बंदूक जाणत्या कारागिराने मोजमाप केल्याशिवाय वापरणं धोक्याचं.

कायद्याची बाजू थोडक्यात. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्याने १८९८ पर्यंत बनलेलं शस्त्रच पुरातन ठरतं. टाइप ९९ ऐंशी वर्षांची असली तरी तिला बंदुकीचेच नियम लागू होतात. पन्नास वर्षांहून जुनी म्हणून ती संग्राह्य वस्तूंच्या वर्गात येते, आणि संग्राहकांसाठी वेगळा परवाना आहे. ऑरेगनमध्ये कुटुंबाबाहेर द्यायची तर परवानाधारक दुकानामार्फत तपासणी लागते. भारतातल्या वाचकांसाठी वेगळं सांगायला हवं : ब्रह्मदेशच्या लढाईतून आलेली अशी वस्तू माळ्यावर सापडली तर ती शस्त्र कायदा, १९५९ खाली येते. आजोबांची आठवण म्हणून परवान्याशिवाय ठेवता येत नाही. थेट पोलीस ठाण्याला कळवावं, स्वतः घेऊन फिरू नये.

आपल्याकडचा संबंध निघालाच आहे तर एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण मराठी वाचकाला ती सहसा माहीत नसते. मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या सांगशाकला ज्या तुकड्यांनी जपानी सैन्याचा मारा झेलला त्यांत पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन होती. आणि युद्धानंतर, १९४६ मध्ये, त्याच रेजिमेंटची पहिली बटालियन, आपली जंगी पलटण, इटलीत लढून झाल्यावर पुढे भारताचे लष्करप्रमुख झालेल्या थिमय्यांच्या २६८ व्या ब्रिगेडमधून जपानच्या ताब्याच्या फौजेत गेली. त्या ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या फौजेच्या हद्दीत हिरोशिमा प्रांत येत होता, आणि उरलेली जपानी शस्त्रं, दारूगोळा शोधून नष्ट करणं हे तिच्या मुख्य कामांपैकी एक होतं. ऑरेगनचे शिपाई जिथून बंदुका निवडून घरी गेले, तो मुलूख सांभाळणाऱ्या फौजेत काही महिन्यांनी सातारा-कोल्हापूरकडची पोरं पहाऱ्यावर उभी होती.

ध्वज

रायफल आणि ध्वज एकाच डब्यासोबत आले तरी त्यांना एक न्याय लावता येत नाही, असं माझं ठाम मत आहे. रायफल सरकारी माल. तशा लाखो बनल्या. ती जपानला परत पाठवावी म्हटलं तरी तिथला शस्त्रकायदा तिला आत येऊ देणार नाही. ती संग्रहात राहावी, अभ्यासली जावी, यात मला काही गैर वाटत नाही. ध्वज मात्र एका माणसाचा आहे. शिपाई निघताना घरचे, शेजारी, शाळासोबती लाल सूर्याभोवतीच्या पांढऱ्या जागेत सह्या करत, युद्धात भाग्य साथ देवो अशा अर्थाची चार अक्षरं लिहीत, आणि शिपाई तो घडी करून अंगाशी ठेवी. पुष्कळांच्या घरी त्यांचा देह आला नाही. हाडांऐवजी दगड ठेवलेली पेटी आली.

बाजारात हे ध्वज विकले जातात, आणि बनावटही खूप फिरतात. माझ्या संग्रहात मी एकही ठेवलेला नाही. ते घरी पोचवण्याचं काम ऑरेगनमधल्याच अॅस्टोरियाची ओबोन सोसायटी २००९ पासून करते. तिच्या संस्थापकांपैकी केइको झियाक यांचे आजोबा ब्रह्मदेशात मारले गेले आणि त्यांचा ध्वज पुष्कळ वर्षांनी कॅनडातून घरी आला, त्यातून हे काम उभं राहिलं. ऑगस्ट २०१७ मध्ये मोंटानातल्या ९३ वर्षांच्या एका माजी मरीन सैनिकाने सायपान बेटावरून आणलेला ध्वज या संस्थेच्या मदतीने गिफू प्रांतातल्या डोंगरी गावात स्वतः नेऊन त्या शिपायाच्या भावंडांच्या हाती दिला. त्यांचा भाऊ नेमका कुठे पडला, हे त्या घराला तेव्हा प्रथम कळलं.

बाईंनी लगेच होकार दिला. भाऊ महिनाभर काही बोलला नाही. मग बहिणीकडून जूनच्या त्या पत्राची प्रत मागवून घेतली, आणि पुढच्या आठवड्यात संमतीच्या कागदावर सही केली. रायफलीची गोष्ट त्याने अजूनही बदललेली नाही.

ध्वज न धुता, डाग तसाच ठेवून, पत्राच्या प्रतीसह आणि झांबोआंगाच्या उल्लेखासह संस्थेकडे गेला आहे. कडेला शिपायाचं नाव वाचता येतं, आणि एका शिंतो देवस्थानाचा शिक्का आहे. त्यावरून गाव शोधायचं काम सुरू आहे. रायफल नातवाकडे गेली. बोल्ट वेगळ्या कुलपात आहे, आणि दस्त्याला दोऱ्याने बांधलेल्या कार्डावर तीन रकाने भरलेले आहेत.